उघडं गाऱ्हाणं

"तुमच्यातला एक जण मागे राहतोय," कुमुदताई म्हणाल्या.

आम्ही गावच्या देवराईच्या तोंडाशी उभे होतो. दुपार कलली होती, पण राईत उजेड तसाही पाहुण्यासारखाच येतो, उंबऱ्यावर जरा टेकतो आणि निघून जातो. तातू गावकरांचं गाऱ्हाणं नुकतंच संपलं होतं. पुण्याची मंडळी शेवटचं "होय महाराजा" म्हणून, काहीतरी अस्सल पदरात पडल्याच्या आनंदात, एकमेकांकडे बघत होती. बघत होती असं आपलं म्हणायचं. त्यातल्या निम्म्यांना दिसत नव्हतं.

मागे म्हणजे कुठे, असं मी विचारलं.

"म्हणण्यात हो. सगळ्यांचं म्हणून झालं की एक गृहस्थ म्हणतात. घसा बसलाय त्यांचा." त्यांनी पांढरी काठी उचलून राईच्या आत दाखवली. "तिथून."

तिथे कोणी नव्हतं. गाऱ्हाणं चालू असताना आमच्या गावात राईत कोणी पाऊल टाकत नाही, गुरंसुद्धा आधी वळवून आणतात.

मी म्हटलं, प्रतिध्वनी असेल.

"प्रतिध्वनी आपल्याच आवाजात येतो, वैनी. मी शाळेत पेटी शिकवते. कोण पोरगं सुरात उशिरा येतं ते ओळखायचाच मला पगार मिळतो." मग मंडळी गप्प झालेली त्यांना जाणवली असावी, कारण त्या हसल्या. "आणि मला दिसत नाही म्हणून मला भुतं ऐकू येतात असं कोणी समजू नका हं. आधीच सांगून ठेवते."

सगळे हसले. राईतून बांधलेल्या दोराच्या टोकाशी उभी असलेली आमच्या गटातली शेवंतीकाकी तेवढी हसली नाही. तिने दोर दोन्ही हातांनी धरला होता, वाऱ्यात होडीचा धरावा तसा.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. कुसवणची 'राईची फेरी' तेव्हा नवी होती. मी इचलकरंजीची, लग्न होऊन ह्या खाडीकाठी आले आणि बायकांच्या गटाचा हिशेब माझ्या गळ्यात पडला, कारण गावाच्या मते घाटावरच्या माणसाला मासा कापता येत नसला तरी आकडे येतात. हिशेबाची सवय वाईट. पुढे पुढे मी माणसंही जमा आणि नावे अशीच बघायला लागले. कोण बोलतो किती, करतो किती, आणि उरलेलं कुठे लपवतो.

फेरीची कल्पना एका प्रशिक्षकांची. ते चार दिवस आमच्यात राहिले आणि 'शाश्वत' आणि 'सर्वसमावेशक' हे दोन शब्द ठेवून गेले. शब्द जड होते, काम मात्र खरं झालं. होड्यांना यंत्र लावायचं नाही, वल्ह्यानेच न्यायच्या. एका वेळी माणसं मोजकीच घ्यायची. राईतून कंबरेएवढ्या उंचीवर काथ्याचा दोर बांधला आणि हात लावण्याजोगं झाड आलं की दोराला गाठ मारली, म्हणजे न दिसणाऱ्याला गाठ लागली की थांबायचं आणि झाडाला हात लावायचा. चाकाच्या खुर्चीसाठी फळ्यांची वाट केली. वाट दाखवणाऱ्या सगळ्या बायका. ज्या बायका नवऱ्याच्या मागून चालत आल्या होत्या त्या आता परक्या पुरुषांच्या पुढून चालायला लागल्या. गावातल्या पुरुषांना ते फार दिवस पचलं नाही, मग पाहुण्यांनी त्यांच्या कोकमाची तारीफ केली आणि पचलं.

"सर्वसमावेशक म्हणजे," प्रशिक्षक सांगत होते, "कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही."

"कोणाकच?" शेवंतीकाकीने विचारलं होतं.

"कोणालाच नाही."

ती बराच वेळ सुपातल्या तांदळात बोट फिरवत राहिली.

तिचं विचारणं रास्त होतं, कारण पाहुणे उतरवायला घर तिचंच लागणार होतं. इतरांच्या घरांना उंच जोती, चार-चार पायऱ्या. तिच्या घराची मागची खोली अंगणाच्या पातळीला आणि दार रुंद. गुणाजीने, तिच्या नवऱ्याने, ते जाळी आत घेता यावीत म्हणून तसं केलं होतं. हा गुणाजी मी लग्न होऊन यायच्या आधी एका संध्याकाळी होडी घेऊन खाडीत गेला. होडी पालथी मिळाली, तो मिळाला नाही. तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने, विसरामने, देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं: भाऊ जिथे असेल तिथून घरी आण. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर गावाने घातलेला शब्द. गावकर मागतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून त्यात आपला आवाज घालतात. मागणं पुरं झालं की फेडायचं. हे पुरं झालं नाही, मागेही घेतलं नाही. शेवंतीकाकीचं कुंकू तसंच राहिलं, मागची खोली बंद राहिली, आणि गावाने तिच्या नावावर 'वाट बघणारी' असं लिहून टाकलं.

फेरीला आलेल्यांना गाऱ्हाणं दाखवायचं असं गटात ठरलं तेव्हा तातू अडून बसले. तातू गावकर म्हणजे वाळलेल्या सुरमईएवढा माणूस, पण देवासमोर उभा राहिला की आवाज खाडीपलीकडे जायचा. त्यांचं म्हणणं, देवाला थट्टा चालत नाही. मागायचं काही नसताना हाक मारलीत तर देव कान देतो, आणि मग द्यायला त्याच्या हाताला जे लागेल ते देतो. खोटं गाऱ्हाणं ते घालणार नाहीत. आम्ही म्हटलं, मग खरं घाला. त्यावर ते म्हणाले, दर शनिवारी खरं मागणं आणायचं कुठून?

तोडगाही त्यांनीच काढला. एक गाऱ्हाणं उघडंच होतं. खरं होतं, म्हणून देवाची थट्टा नाही. आणि पुरं होण्यातलं नव्हतं, म्हणून संपणार नाही. आमच्या गावाला असली अक्कल फार. विसरामला तर गहिवरून आलं, भावासाठी आता पुण्या-मुंबईचे लोक बोलणार म्हणून. सगळ्यांनी शेवंतीकाकीकडे बघितलं. तिने सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "घाला."

आम्ही ते जमेला धरलं.

तर त्या दिवाळीनंतर दर शनिवारी दुपारी तातू राईच्या तोंडाशी उभे राहायचे, आलेल्या लेकरांना सांभाळ म्हणायचे आणि शेवटी आवाज चढवून मागायचे, "आणि ह्या गावचो गुणाजी, शेवंतीचो घोव, जो खाडयेत गेलो तो परत इलो नाय, तो खय आसात थयसून तेका घराक हाड रे म्हाराजा." आणि ज्यांनी गुणाजीला जन्मात पाहिलेलं नाही ते लोक हातात मोबाइल धरून, मनापासून, घोळक्याने "होय महाराजा" म्हणायचे. पुरं होणार नाही अशा मागण्याला दर आठवड्याला नवी माणसं, नवे गळे.

कुमुदताई ओगले त्या शनिवारी शेवंतीकाकीकडेच उतरल्या, मागच्या खोलीत. रविवारी सकाळी मी आंबोळ्या घेऊन गेले. पडवीत कोणी नव्हतं. आत पाय टाकणार तर पायाखाली गार लागलं. खाली बघितलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं होती. खाडीच्या चिखलाची, काळसर, मोठी, पुरुषाची. अंगणातून पडवीत, आणि पडवीतून मागच्या खोलीच्या दारापर्यंत.

सगळी येणारीच. परत गेलेलं एकही नव्हतं.

मी हिशेबी बाई. येणं आहे आणि जाणं नाही म्हणजे शिल्लक आत आहे, असा पहिला विचार आला, आणि मी दाराला हात लावला. दार आतून बंद होतं. आतून कुमुदताईंचा केस विंचरतानाचा गुणगुणण्याचा आवाज येत होता. दुसरा विचार विसरामचा आला. खोलीवर त्याचा डोळा होताच. वहिनीला घाबरवून पाहुणे पळवायचे आणि खोलीत स्वतःच्या मुलाचं दुकान घालायचं, हे त्याच्या स्वभावाच्या बाहेरचं नव्हतं.

कुमुदताई दार उघडून बाहेर आल्या. आंबोळीचा वास त्यांना माझ्याआधी पोचला असावा.

"घरधनी उठले का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, घरात पुरुष नाही.

"असं कसं? पहाटे आले ना. माझ्या दाराबाहेर बसले होते. खोकत होते बिचारे. मी म्हटलं, आत काकींना उठवू का, तर काही बोलले नाहीत." त्यांनी मान जरा तिरकी केली. "कालचेच ते. राईतले. घसा तोच."

तेवढ्यात शेवंतीकाकी मागल्या दाराने आली. हातात पाण्याची बादली आणि पोतेरं. मला बघून तिची पावलं जरा अडखळली, मग ती खाली बसली आणि पुसायला लागली. घाईने नाही. भांडी घासावीत तसं, रोजचं काम असल्यासारखं.

मी कुमुदताईंना अंगणातल्या बाकावर बसवलं, ताट दिलं आणि परत आले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"फेरी सुरू झाली तेवापासून." तिने पोतेरं पिळलं. बादलीतलं पाणी काळं झालं आणि त्याला वास आला, ओहोटीला कांदळवनात येतो तसला. "आदी राईच्या तोंडार. मगे पाणंदीत. मगे खळ्यात. दर शनवारी वायच फुडे. आज पडयेत इलो."

"विसरामभावजी असतील."

"इसरामाचे पाय मी वळखतंय. तेच्या बायकोन धुतल्यानी नसतीत तितक्या वेळा मी पुसलंय तेची पावलां." तिने दारापाशी उमटलेल्या पावलावर पोतेरं ठेवलं. "आणि हेची पण वळखतंय."

माझ्या अंगावर काटा आला, तो लपवायला मी जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, मग देवाने ऐकलं म्हणायचं, काकी. इतकी वर्षं वाट बघितलीत.

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत मी काय काय शोधलं, आनंद, भीती, वेड. त्यातलं काही नव्हतं. दुसऱ्याची चूक दिसते तेव्हा हिशेबनीस बघतो, तसं ती माझ्याकडे बघत होती.

"वाट बगतंय म्हणतास तां खरां," ती म्हणाली. "पण शालन, वाट बगणारां माणूस दोन तऱ्हेचां आसता. एक दार उघडून बसता. एक खीळ घालून बसता. तुमी माझां दार कदी ढकलून बगलास?"

मग तिने डावा हात पुढे केला. मनगट वाकडं होतं. ते मी रोज बघत होते. विहिरीवर पडली तेव्हाचं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते तसंच मांडून ठेवलं होतं. कोणी सांगितलं ते आता आठवलं: विसरामच्या बायकोने.

"माझ्या घोवान मोडलो," शेवंतीकाकी म्हणाली. "उखळाच्या कडेर धरून. एकदा न्हय. हात बसलो की परत."

बाहेर कुमुदताईंनी ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाक दाराजवळच होता.

मी विचारलं, मग त्या दिवशी 'घाला' का म्हणालात?

"काय म्हणाचा होता? नवरो नको म्हणान गावाच्या तोंडार सांगूचा? सगळी बसली होती, इसराम डोळे पुसत होतो. आणि माका वाटला, इतक्या वर्सात नाय इलो तो आता काय येतलो." तिने पुन्हा पोतेरं बुडवलं. "माका काय म्हायत, परक्या माणसांचां देव इतक्या लवकर आयकता."

तिचं काय काय जाणार होतं ते मला तेव्हा एकदम दिसलं. ही खोली तिने स्वतः लिंपली होती. तिचं नाव पाहुण्यांच्या तोंडी होतं. गावात कोणाची बायको, कोणाची वहिनी असलेली बाई आता नुसती 'शेवंतीकाकी' होती. आणि दर शनिवारी आम्ही सगळे मिळून, नारळ ठेवून, ते सगळं तिच्या दारातून परत पाठवायला सांगत होतो.

दुपारी मंडळी निघायची होती. निघायच्या आधी राईच्या तोंडाशी निरोपाचं गाऱ्हाणं असे, तेच सगळं, शेवटी तेच मागणं. पुढच्या खेपेला पावलं पडवीत थांबणार नव्हती.

मी तातूंकडे गेले. ते नारळ सोलत होते. मी सगळं सांगितलं. पावलांचं ऐकताना त्यांचा कोयता थांबला नाही. मनगटाचं सांगितलं तेव्हा थांबला.

आजपासून ते मागणं वगळा, मी म्हटलं.

"गाऱ्हाणां काय नळ न्हय, फिरवलो की बंद," ते म्हणाले. "मी न बोलान काय व्हतला? मागलेलां थयसर आसाच. तां मागे घेवचां लागता. आणि जेच्या घरासाठी घातलां तेनाच घेवक व्हयां. चार माणसांच्या तोंडार, कारण सांगान."

"मग काकी घेतील."

"बाईमाणूस गाऱ्हाणां घालीत नाय."

"घालत नाही, की घालायचं नाही असं आहे?"

त्यांनी कोयता जमिनीत रोवला. सोलून पडलेली सोडणं बाजूला सारली. "आजपावत कोणी घातलां नाय," शेवटी म्हणाले.

"म्हणजे नियम नाही. सवय आहे."

"घाटावरच्या चेडवाक सून म्हणान हाडूचा न्हय," तातू म्हणाले, पण मान खाली घालून, आणि मला कळलं की ते हट्ट सोडताहेत. मी उठले तेव्हा ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तिची बोंब माका आयकाक येय तेवा. घर काय लांब नाय."

मी ते ऐकलं आणि निघाले. ते कुठे मांडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी सगळी राईच्या तोंडाशी जमली. पुण्याची मंडळी पिशव्या घेऊन, गटातल्या बायका, आणि निरोप बघायला येतात तशी गावातली थोडी माणसं. विसराम स्वच्छ सदरा घालून पुढे उभा. भावाच्या गाऱ्हाण्याला तो नेहमी पुढे असे. वारा पडला होता. राईत एरवी काही ना काही चालू असतं, पान पडतं, पक्षी उडतो. त्या दिवशी आत काहीच हलत नव्हतं, आणि खाडीचा तो वास इथवर आला होता. खाडी खरं तर खाली, बरीच लांब.

तातूंनी नारळ उचलला. देवाला हाक मारली, लेकरं सुखरूप घरी पोचव म्हणाले. "होय महाराजा" झालं. पहिल्यांदाच मी कान देऊन ऐकत होते. सगळ्यांचं म्हणून झालं, शांत झालं, आणि मग आतून, फणसाच्या मागून कुठूनतरी, ओल्या घशाचं ते आलं. हळू. घाई नसलेल्या माणसाचं. ज्याला ठाऊक आहे की आपलं काम होतच आलंय.

कुमुदताईंनी माझा दंड धरला.

तातू थांबले. पुढचं मागणं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी वळून नारळ शेवंतीकाकीकडे धरला.

विसराम पुढे सरकला. "ह्यां काय ता?"

"उबो रव थयच," तातू म्हणाले.

शेवंतीकाकीने दोर सोडला. नारळ घेतला, वाकड्या मनगटाच्या हातानेच, आणि तो दगडावर ठेवायला तिला दुसरा हात लावावा लागला. मग ती राईकडे तोंड करून उभी राहिली. आवाज मोठा नव्हता. तांदूळ पाखडताना बोलायची तेवढाच.

"बा म्हाराजा. मी शेवंती. गुणाजीची बायल. ह्या लोकांनी तुझ्याकडे माझो घोव मागलो. माका इचारल्यानी तेवा मी 'घाला' म्हटलंय. तां तोंडान म्हटलंय. तां माझां व्हय न्हय."

कोणीतरी मोबाइल खाली केला.

"हो हात मोडलो तेवा मी बोंबललंय. तातूच्या घरापावत गेलां तां. इसरामाच्या घरात तर गेलांच. हयसर उबी आसत त्या सगळ्यांनी आयकल्यानी. कोणी व्हय म्हणूक नाय, कोणी नाय म्हणूक नाय. मी तेंका नावां ठेवणंय नाय. तुका सांगतंय फकत."

विसरामच्या सदऱ्याच्या पाठीवर घाम उमटला होता. बायका जमिनीकडे बघत होत्या.

"तो इलो हा. माझ्या पडयेत बसता, खोकता. मी तेका घरात घेवचंय नाय. आता पावणे येतत माझ्याकडे, आंदळी येतत, पांगळी येतत, कोणाक मी परत धाडूक नाय. ह्या एकाक धाडतंय. तेका तुझ्याकडे ठेव म्हाराजा. उपाशी ठेवू नको, थंडयेत ठेवू नको. पण माझ्या दारात हाडू नको."

ती थांबली. आता गावाने म्हणायचं होतं.

कोणी म्हटलं नाही.

पुण्याच्या लोकांना काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं, ते आमच्याकडे बघत होते. आम्ही एकमेकांकडे. तातू विसरामकडे बघत होते आणि विसराम त्या नारळाकडे. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही तर ते पडतं, आणि पडलं की आधीचं राहतं. शेवंतीकाकीने मागे वळून बघितलं नाही. तिची पाठ एवढी ताठ मी कधी बघितली नव्हती.

मग एका पुरुषाचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

आणि बांध फुटावा तसे सगळेच म्हणाले. कुमुदताई, पुण्याची मंडळी, बायका, तातू, मी. विसरामचेही ओठ हलले. शेवटचा आवाज विरला आणि राईत एक पक्षी ओरडला, आणि वारा सुटला.

परतताना पाणंदीत मी विसरामला गाठलं. माणसाचं देणं त्याला तोंडावर द्यावं, अशी माझी रीत. म्हटलं, भावजी, पहिला होकार तुम्ही दिलात, सोपं नव्हतं ते.

तो थांबला. चेहरा राखेसारखा झाला होता. "माका वाटलां, तातून म्हटल्यान," तो म्हणाला. "माझ्या तोंडातसून तर आवाजच येय नाय होतो."

तातू मागून येत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढे गेले, चपला हातात घेऊन, देवळातून निघाल्यासारखे.

कुमुदताई गाडीत बसल्या होत्या. मी खिडकीशी गेले. विचारावं की नाही, मला ठरवता येईना.

"नका विचारू," त्याच म्हणाल्या. "पुण्यात कोणाला सांगितलं तर म्हणतील, बाईला दिसत नाही म्हणून." मग काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत, "पण आज ते मागे राहिले नाहीत, वैनी. सगळ्यांच्या आधी म्हणाले."

गाडी गेली. मी शेवंतीकाकीकडे आले. संध्याकाळ व्हायची होती. पडवी कोरडी होती, तिने सकाळी पुसली होती तशीच. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि ती आत गादीवरची चादर काढून झटकत होती, कारण पुढच्या शनिवारी साताऱ्याचे लोक यायचे होते. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला जे सांगायचं होतं ते तिला आधीच ठाऊक आहे हे मला दिसलं.

चादरीचं एक टोक तिने माझ्याकडे दिलं. आम्ही दोघींनी ती ताणली, घडी केली.

"जल्मात पयल्यांदा," शेवंतीकाकी म्हणाली, "हेना माझां आयकल्यान."